दहा कामकाजाचे दिवस

सोमवार, ९ ऑक्टोबर

आले एकदाची! हंटिंग्टनहून निघताना भावजय म्हणाली होती की त्या डोंगरात तुला एक तर अस्वल खाईल, नाहीतर कंटाळा. अजून दोघांपैकी कोणीच भेटलेलं नाही. दुरून डोंगर साजरे म्हणतात, पण हे जवळूनही साजरेच निघाले. मेपल असे लालभडक झालेत की गाडी दोनदा बाजूला घेऊन नुसती बघत बसले.

स्लेट क्रीकची घळ म्हणजे ओढ्याकाठचा एक अरुंद रस्ता, दोन्ही अंगांना डोंगर आणि मधे सात घरं. त्यातली चार ओस पडलेली, तीन नांदती. रस्त्याच्या तोंडाशी ओमा रॅटलिफ यांचं घर आहे आणि त्यांच्या मागच्या खोलीत नाताळपर्यंत माझा मुक्काम. वय एक्क्याऐंशी, उंची माझ्या खांद्याला लागेल एवढी, आणि आवाज डोंगरापलीकडे जाईल असा. मी मिसेस रॅटलिफ म्हणून हाक मारली तर त्यांनी मागे वळून पाहिलं, जणू तिथे दुसरंच कोणी उभं असेल. इथे सगळे मला ओमामावशी म्हणतात, तू काय गव्हर्नर लागून गेलीस, असं म्हणाल्या. त्या क्षणापासून अहोजाहो संपलं. घेवड्याच्या शेंगा, मक्याचा ब्रेड आणि वर सफरचंदाचा मुरंबा असं जेवण झालं. मी तीनदा वाढून घेतलं.

आज कोलंबस दिनाची सुट्टी होती, ती प्रवासात गेली. खाटेच्या वर भिंतीवर राज्य सरकारच्या सुट्ट्यांचं कॅलेंडर टांगलं. आम्हा सरकारी नोकरांचा पगार बेताचाच, पण सुट्ट्यांच्या बाबतीत आमचा हात कोणी धरणार नाही. थँक्सगिव्हिंगनंतरचा शुक्रवारसुद्धा लिंकनच्या नावावर आम्ही लाटलेला आहे.

बुधवार, ११ ऑक्टोबर

ओमामावशीने विचारलं की तू नक्की करतेस काय. मी सांगितलं की वॉशिंग्टनमधल्या लोकांकडे देशाचा एक नकाशा आहे. ज्या घरी जलद इंटरनेट पोचतं ते घर हिरवं, जिथे नाही ते करडं. करड्या घरांना सरकार तार टाकून देतं, हिरव्यांना काही नाही. आणि कुठलं घर हिरवं हे ठरवतं कोण, तर इंटरनेट विकणारी कंपनीच. तिने नुसतं लिहून द्यायचं की मागणी आल्यावर दहा कामकाजाच्या दिवसांत आम्ही इथे सेवा देऊ शकतो. झालं घर हिरवं. पोरानेच आपला पेपर तपासायचा आणि मार्कही आपणच द्यायचे, असा सगळा प्रकार.

स्लेट क्रीकची सातही घरं नकाशात हिरवीगार आहेत. रस्त्याच्या तोंडाशी चर्चपर्यंत एक तार आलीय, तेवढ्यावर कंपनीने शितावरून भाताची परीक्षा केली. एका घराची तर नुसती चिमणी उरलीय, तीही हिरवी. मी मापनयंत्र घेऊन घरोघर फिरले. सगळीकडे शून्य. ओमामावशी म्हणाली, नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा, एवढं कळायला सरकारनं तुला पगार देऊन पाठवलं होय गं?

पण मग तिने पलंगाशेजारची एक पांढरी पेटी दाखवली. तिच्या छातीत डॉक्टरांनी यंत्र बसवलंय. ते रोज या पेटीशी बोलतं आणि पेटीने इंटरनेटवरून हॉस्पिटलला कळवायचं असतं. लाइन नाही म्हणून पेटी मुकी, तिच्यावर विणकामाची टोपली. गेल्या फेब्रुवारीत रस्त्यावर बर्फ होतं, तिचं हृदय तीन दिवस अडखळत होतं आणि कोणालाही पत्ता नव्हता. हे तिने हसतहसत सांगितलं. मला हसू आलं नाही. मी तिचा हात धरून म्हटलं की थँक्सगिव्हिंगपर्यंत तुझी लाइन आणते.

असं वचन द्यायला नको होतं, पण दिलं.

सोमवार, १६ ऑक्टोबर

पहिली हरकत दाखल केली. हरकत म्हणजे कंपनी म्हणते सेवा आहे, आम्ही म्हणतो नाही, हे घ्या आकडे. कंपनीने दहा कामकाजाच्या दिवसांत एकतर चूक कबूल करायची नाहीतर सेवा देऊन मोकळं व्हायचं. हरकती दाखल करायला बारा मैलांवरच्या वाचनालयात जावं लागतं. इंटरनेट नाही ही तक्रार इंटरनेटवरूनच करायची असते.

हे पहिलं घर होबार्ट क्लाइनचं. चाळीस वर्षं खाणीत काढलेला म्हातारा, वाक्यावाक्याला धापा टाकतो. ओहायोतला नातू मोठा होतोय आणि मी त्याला फोटोत बघतोय म्हणाला. माझ्या यंत्राकडे बघून म्हणाला, त्यात शून्यच दिसणार बाई, माझ्याकडे बघून कळलं नाही का?

गुरुवार, १९ ऑक्टोबर

दुसरी हरकत डोरोथा मेडोजच्या घराची. हिची दोन मुलं शाळेचा अभ्यास वाचनालयाच्या आवारात, गाडीत बसून करतात, कारण तिथे फुकटची लाइन पकडता येते. डोरोथा पुढच्या सीटवर बसून त्यांना पेपरोनी रोल भरवत असते. थोरली मार्ली मला म्हणाली की आमच्या गाडीला आता शाळेच्या बाकांसारखा वास येतो.

ओमामावशीच्या घराचं अडलंय. टपालाचा पत्ता एक, नकाशातला भलताच. कागद गोळा करतेय. तिसरा नंबर लागला म्हणून ती दोन दिवस माझ्याशी धड बोलत नाहीये.

सोमवार, ३० ऑक्टोबर

दहावा दिवस आणि उत्तर हजर! होबार्टच्या हरकतीचं निवारण झालं, सेवा सुरू, सोबत वेगाचा आकडा. आकडा इतका चांगला की चार्लस्टनमध्ये आमच्या ऑफिसातही एवढा मिळत नाही. वाचनालयातूनच साहेबांना, म्हणजे प्रुएटसाहेबांना फोन केला. ते म्हणाले की चोवीस वर्षांच्या नोकरीत कंपनीने वेळेत काही केलेलं आज पहिल्यांदा ऐकतोय.

अभिनंदन करायला होबार्टकडे गेले. भिंतीवर इंटरनेटची नवीकोरी पांढरी पेटी, तिच्यात हिरवा दिवा. दार उघडं, होबार्ट नाही. टेबलावर त्याचा चष्मा. कॉफी कोमट होती. ट्रक अंगणात उभा.

पेटीतून निघालेली काळी तार खिडकीतून बाहेर, अंगणातून झाडीत गेलीय. खांब एकही नाही. मी थोडं अंतर तिच्या मागे गेले. ती चर्चकडे जात नाही, घळीत वर वर जाते, जिथे वस्ती नाही. मग ती पाचोळ्याखाली जमिनीत शिरते.

असेल काही नवीन पद्धत.

बुधवार, १ नोव्हेंबर

होबार्ट अजून नाही. चष्मा तिथेच. ओमामावशी म्हणाली की गेला असेल ओहायोला, त्याचा पोरगा येऊन घेऊन गेला असेल, तू कशाला जीव खालीवर करतेस? मी तरी शेरीफच्या कचेरीत गेले. तिथला डेप्युटी स्टॅम्पर भला माणूस आहे. त्याने माझ्यासमोरच होबार्टला पडद्यावर फोन लावला. होबार्टने उचलला! हसत होता, घरीच आहे म्हणाला, लाइन झकास चालतेय. स्टॅम्पर माझ्याकडे बघून म्हणाला, ताई, माणूस सापडला की हो.

घरी नाही तो. मी त्याच्या घरूनच आले होते. पण पडद्यावर मागे त्याचंच स्वयंपाकघर दिसत होतं. माझी चुकामूक झाली असणार.

आणखी एक. तो बोलताना धापा टाकत नव्हता.

शुक्रवार, ३ नोव्हेंबर

काल डोरोथाच्या हरकतीचा दहावा दिवस होता. निवारण झालं. आज गेले तर पेटी, हिरवा दिवा, काळी तार. गाडी दारात. मुलांचे बूट पायरीवर, दोन्ही जोड. हाका मारून घसा बसला.

शाळेत गेले. बाई म्हणाल्या की मेडोजची मुलं कालपासून घरूनच वर्गाला बसतात, हजेरी शंभर टक्के, मार्ली तर पूर्वीपेक्षा हुशार झालीय. रजिस्टर दाखवलं मला. सगळीकडे टिकमार्क. ज्याला विचारावं तो कागद दाखवतो. मी स्वतः पंधरा वर्षं कागदच दाखवत आलेय, मी कोणाला काय बोलणार?

बुधवार, ८ नोव्हेंबर

घळीबाहेर हमरस्त्यावर रेंज येते, तिथे साहेबांचा फोन आला. दोन हरकती, दोन निवारणं, राज्यात असं कुठेही नाही, तिसरी आजच्या आज पाठव म्हणाले. रिकाम्या घरांचं सांगितलं तर म्हणाले, लोक कुठे जातात हे बघणं आपल्या खात्यात येत नाही, लाइन लागली की नाही एवढं बघ.

इकडे ओमामावशीचा वेगळाच राग. होबार्टला लाइन, डोरोथाला लाइन, आणि जिनं तुला शेंगा खाऊ घातल्या तिच्या घरी अंधार का? आज सकाळी तिला जिन्यात चक्कर आली. कठड्याला धरून उभी होती, ओठ निळे. त्यानंतर मी फार विचार केला नाही. कागद कालच जमले होते. वाचनालयात जाऊन हरकत पाठवली. राहणाऱ्या व्यक्ती या रकान्यात एकच्या जागी दोन लिहिलं, माझंही नाव घातलं. सरकारी कर्मचारी तिथे राहते म्हटलं की अर्जाला वजन येतं.

परत येताना गाडीत रेडिओ मोठ्याने लावला होता. का ते तेव्हा मान्य केलं नाही.

मंगळवार, १४ नोव्हेंबर

लगेच लिहिते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

दुपारी ऑफिसचा टॅबलेट घेऊन होबार्टच्या घरी गेले. स्वयंपाकघरात त्याच्या टेबलाशी बसले. लाइन उत्तम. तिथूनच त्याला फोन लावला.

त्याने उचलला. तो त्याच स्वयंपाकघरात बसला होता. तीच फडताळं, तोच डाग पडलेला पडदा. माझ्या उजव्या हाताच्या खुर्चीत होता तो. मी मान वळवली. खुर्ची रिकामी. पुन्हा पडद्यावर पाहिलं, तो खुर्चीत. डोरोथा ओट्याशी. मुलं टेबलाखाली खेळत होती. पडद्यावर माझी खुर्ची तेवढी रिकामी दिसत होती.

होबार्ट म्हणाला की बाई, जागा आहे, या. इथे सगळं लगेच येतं. कशाचीही वाट बघावी लागत नाही.

टेबलाखाली माझ्या पायाला काहीतरी लागलं.

मी पळाले. टॅबलेट तिथेच राहिला.

बुधवार, १५ नोव्हेंबर

रात्रभर हिशोब जुळवला, आता जुळला. नकाशा म्हणतो की या घरातल्या माणसांना सेवा पोचते. मी म्हणते, नकाशा खोटा आहे, खरा करा. नकाशा खरा करायचे मार्ग दोन. तार माणसांपर्यंत आणायची, नाहीतर माणसं तारेपर्यंत न्यायची. जे कोणी घळीच्या वर आहे त्याला दुसरा मार्ग सोपा पडतो. आणि त्याला पत्ते कोण देतं?

मी देते. तपासून, सही करून.

ओमामावशीची हरकत गेली त्याला आज पाच दिवस — नाही, दहा तारखेला माजी सैनिक दिनाची सुट्टी होती — चार.

शुक्रवार, १७ नोव्हेंबर

हरकत मागे घ्यायला साहेबांची सही लागते. फोनवर रडले मी. ते आधी हसले, मग चिडले. वॉशिंग्टनला कळवून झालंय, आता मागे घेतली तर खात्याचं नाक कापलं जाईल म्हणाले. शेवटी माझं रडणं ऐकून नरमले. पण सोमवारपासून हरणांचा मोसम, साहेब आजच निघालेत, आठवडाभर डोंगरात शिकारीला, तिथे फोन लागत नाही. अख्खं राज्य बंदुका घेऊन रानात जातं या आठवड्यात, शाळासुद्धा बंद. सोमवारी सत्तावीसला सकाळी आल्या आल्या सही करतो असं म्हणाले.

कॅलेंडर काढून मोजलं. गुरुवार थँक्सगिव्हिंग, सुट्टी. शुक्रवार लिंकनचा, सुट्टी. दहावा दिवस सोमवार सत्तावीस. सकाळी सही. निसटता का होईना, वेळ आहे.

तरी सहीवर विसंबणार नाही. मावशीलाच इथून हलवते.

रविवार, १९ नोव्हेंबर

ओमामावशीला सगळं सांगितलं. वाटलं होतं वेड्यात काढेल. तिने विणता विणता सांगितलं की तिच्या आजीच्या काळी या घळीत वरच्या अंगाला कोणी घर बांधत नसे. का ते कोणी सांगत नसे. खाणवाले आले, त्यांनी तिथे खणलं, वर्षभरात निघून गेले.

हंटिंग्टनला चल म्हटलं. ती म्हणाली, येते गं पोरी, पण थँक्सगिव्हिंगला माझ्या टेबलावर माझा भोपळ्याचं गोड सारण भरलेला पाई झाल्याशिवाय मी उंबरा ओलांडायची नाही. एकोणसाठ वर्षं चुकलेलं नाही. शनिवारी ने मला कुठं न्यायचं तिथं.

शनिवार पंचवीस. सोमवारच्या दोन दिवस आधी. ठरलं.

मंगळवार, २१ नोव्हेंबर

दिवसभर बंदुकांचे बार. घळीत एकाचे चार ऐकू येतात. वरच्या अंगाकडून एकही नाही. शिकारीसुद्धा तिकडे जात नाहीत.

सामान बांधलं. मावशीची औषधं, विणकाम, नवऱ्याचा फोटो.

गुरुवार, २३ नोव्हेंबर

दोघीच जेवलो. तिने तीन जणांचं टेबल मांडलं होतं, होबार्टसाठीही. प्रार्थनेत माझं नाव घेतलं. ही पोरगी भित्री आहे पण मनाची चांगली आहे, देवा, असं. मी रडले आणि हसलेही. किती दिवसांनी कोणीतरी माझ्यासाठी काही मागितलं.

पाई उत्तम झाला होता. अर्धा उरलाय.

परवा निघायचं.

शुक्रवार, २४ नोव्हेंबर, सकाळ

जाग आली ती एका आवाजाने. टक. टक. भिंतीत स्क्रू बसवल्यासारखा.

लिंकनचा शुक्रवार.

तो आमचा आहे. आमच्या राज्याचा. वॉशिंग्टनच्या कॅलेंडरात तो नाही. नकाशा वॉशिंग्टनचा — दिवस तेच मोजणार, त्यांच्या कॅलेंडरने — त्यांच्यासाठी आज साधा कामाचा दिवस.

आज दहावा.

थोड्या वेळाने

पलंग रिकामा. पांघरूण नीट घडी केलेलं. चपला जोडीने. स्वयंपाकघराच्या भिंतीवर पेटी, हिरवा दिवा. तार दाराखालून, अंगणातून, वर.

विणकामाची टोपली खाली पडलीय. पलंगाजवळची मुकी पेटी बोलतेय. छोट्या काचेवर आकडा. बहात्तर. बहात्तर. एकाहत्तर. बहात्तर. मावशीचं हृदय. असं नियमित ते कधीच चालत नव्हतं.

वचन पाळलं मी. थँक्सगिव्हिंगपर्यंत लाइन.

दहा वाजले

बागेची कात्री आणली. तारेला लावली. काचेवर साठ. दाबली — पन्नास — अठ्ठेचाळीस — आणि तिचा आवाज, पेटीतून, पोरी दुखतंय गं —

सोडली कात्री. बहात्तर.

तोडू शकत नाही. तिला इथे सोडून जाऊही शकत नाही. गाडीची किल्ली हातात आहे. दोनदा दारापर्यंत गेले.

दुपार

इथे फोनला कधीच रेंज नव्हती. आता पूर्ण आहे. वाजतोय. पडद्यावर तिचं नाव. उचलणार नाही.

कॉफीचा वास येतोय. चूल बंद आहे. टेबलावर काल उरलेला अर्धा पाई होता — आता एक फोड कमी —

ती म्हणतेय पेटीतून, की बस ना, तुझं ताट मांडलंय. आवाजात धाप नाही. खूश आहे ती. मला राग येत नाहीये तिचा. माझीच सही आहे.

कंपनीचा निरोप आला. हरकतीवर काम सुरू. पाच वाजेपर्यंत पूर्ण होईल. आतापर्यंत एका व्यक्तीला सेवा दिली. अर्जात राहणाऱ्या व्यक्ती —

दोन. मीच लिहिलं. एकाच्या जागी दो